शिवून ठेवलेलं कार्ड

तिने पिशवी मांडीवर पालथी घातली, तोंडाची शिवण बोटांनी चाचपली आणि छोट्या कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली सरकवलं. टाका तुटला नाही. तिच्या हातचा टाका इतका चिवट नसतो. सुती दोरा कात्री लागली की लगेच सुटतो. तिने पुन्हा जोर केला, तेव्हा काहीतरी कडकन मोडलं आणि करड्या रंगाचा एक पापुद्रा तिच्या मांडीवर पडला.

खिडकीजवळच्या खाटेवरून नवरा बघत होता. पाच महिन्यांपासून त्याला दुसरं काम नव्हतं. इमारती बाहेरून रंगवणारा माणूस तो. तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून खाली आला तो असा, की मान वळेना, जीभ उचलेना, आणि एवढ्या मोठ्या देहात डाव्या हाताचा अंगठा तेवढा चालता राहिला. अंगठ्याचा एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. पहिल्या ठोक्यानंतर दुसऱ्याला त्याला वेळ लागायचा. दुपारनंतर तर इतका, की नवखा माणूस 'हो' समजून मोकळा व्हायचा. घरच्यांना थांबायची सवय झाली होती. ती मनात पाच आकडे मोजायची आणि मगच हो धरायची.

"चार वाजता तो विमा कंपनीचा तपासनीस येतोय," ती त्याला म्हणाली. "कार्ड बघायचंय त्याला. म्हणून काढतेय."

अंगठा चादरीवर पडला. तिने मोजलं. चारवर असताना तो पुन्हा पडला.

"नको म्हणून कसं चालेल?"

हे कार्ड म्हणजे नवऱ्याने घरात आणलेली सवत, असं ती शेजारणीला सांगायची. सव्वा वर्षापूर्वी ते काळ्या डब्यातून आलं होतं, मखमलीवर निजून. बाकीच्या जगाची कार्डं प्लॅस्टिकची, हे धातूचं. त्याने ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर हातभर उंचीवरून टाकलं आणि तिच्याकडे बघितलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं. ताटली पडली तरी असंच वाजतं."

"ताटली पडल्यावर कुणी मान वर करून बघत नाही."

सव्वीस वर्षं लोकांच्या इमारती रंगवून तो मागच्या फाटकाने आत-बाहेर करत आला होता. पुढच्या दारातून गेला तर पहारेकरी अडवायचा, बुटांचे डाग दाखवायचा. आता हाताखाली बारा माणसं होती, पण बुटांवर डाग तेच होते. गल्ल्यावर कार्ड वाजलं की पलीकडचा माणूस मान वर करतो आणि 'साहेब' म्हणतो, एवढंच त्याचं म्हणणं. त्या वाजण्याची वर्षाची फी मात्र तिने ऐकली आणि मनातल्या मनात तिचा पँटींमध्ये हिशोब केला. ती घरी बसून कपडे दुरुस्त करायची. सहाशे पँटींची तळपट्टी दुमडली असती तेव्हा तेवढे पैसे झाले असते.

फायदे त्याने पाठ केले होते. त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे विमानतळावर खास दालनात बसायला मिळतं, फुकट खायला मिळतं. एका रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून खरोखर तिकडे गेला. दारावरच्या बाईने तिकीट मागितलं. तिकीट कुठून असणार? तो तसाच माघारी आला आणि दारात उभा राहून तिच्याकडे बघत राहिला.

"विमान नाही, तिकीट नाही, आणि विमानतळावर हक्काची खुर्ची," ती म्हणाली होती. तिला खरं तर हसायचं नव्हतं. त्याचा चेहरा बघून तिला वाईटही वाटलं होतं, पण हसू आवरलं नाही.

पुढे त्याने बाराही माणसांना एका मोठ्या हॉटेलात जेवायला नेलं आणि कार्ड वाजवलं. दुसऱ्या दिवशी तिने अस्तराचा करडा तुकडा काढला, कार्डाच्या मापाची पिशवी शिवली, कार्ड आत घातलं आणि त्याच्यासमोर पिशवीचं तोंड उलट्या टीपेने शिवून टाकलं, शेवटी दुहेरी गाठ मारून. यंदाची फी गेलीच आहे, वर्ष संपलं की परत करायचं, तोवर उघडायचं नाही, असा करार झाला.

"निदान खिशात तरी राहू दे," तो म्हणाला. "वजन बरं वाटतं."

म्हणून ती शिवलेली पिशवी तो आतल्या खिशात घेऊन फिरायचा. तो पडला त्या दिवशी इस्पितळाने त्याच्या कपड्यांबरोबर तीही एका पाकिटात घालून तिच्या हातात दिली. तिने ती न बघता खणात टाकली होती.

गेल्या महिन्यात लेकीने त्या कार्डाच्या नियमांचं पुस्तक वाचून काढलं. कार्डाबरोबर अपघाताचा विमा होता. माणूस कायमचा अपंग झाला तर मिळणारी रक्कम एवढी होती, की शहराबाहेरच्या पुनर्वसन केंद्रात त्याला वर्षभर ठेवता आलं असतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात आणि वाचा जी काय परत यायची ती पहिल्या वर्षातच येते. त्यातले पाच महिने गेले होते. केंद्राने एक खाट महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती. विम्याची पहिलीच अट अशी होती. अपघाताच्या आधीच्या नव्वद दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं हवं.

लेक हे आनंदाने सांगत होती तेव्हा आई मनात महिने मोजत होती. तो पडला त्याच्या चार महिने आधी तिने पिशवीचं तोंड शिवलं होतं. लेकीला हे माहीत नव्हतं आणि सांगायची तिची छाती झाली नाही. त्याचा फोन त्याच्याबरोबरच खाली पडून चुरा झाला होता, म्हणून लेकीने बँकेकडे छापील उतारा मागितला होता. आज ती तोच आणायला गेली होती. परत आल्यावर ती काय सांगणार हे आईला ठाऊक होतं. आपल्या हातांनी आपण नवऱ्याची वाचा शिवून टाकली, हे तिच्या मनात महिनाभर चाललं होतं आणि ते ऐकायला घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

आता तिने तो करडा पापुद्रा बोटावर घेतला आणि उजेडात धरला. रंग होता. भिंतीला बाहेरून देतात तो, पावसाला दाद न देणारा. तिने टाका नखाने खरवडला. करड्या रंगाखाली पांढरा जाड दोरा निघाला. ताडपत्री शिवायचा. खाली रंग सांडू नये म्हणून अंथरायच्या ताडपत्र्या तो असल्याच दोऱ्याने सांधायचा, लांब टाके घालून, प्रत्येक टाक्याला अर्धी गाठ मारून. इथेही तसेच लांब टाके होते. आणि दोरा पांढरा आहे हे तिच्या नजरेला पडू नये म्हणून त्याने बारीक कुंचल्याने एकेक टाका रंगवला होता. कापडावर रंगाचा एक थेंब सांडलेला नव्हता.

तिने कापडाची कड ताणून बघितली. सुईच्या भोकांच्या ओळीवर ओळी होत्या. चार तरी. दर वेळी उसवलं होतं, शिवलं होतं आणि रंगवलं होतं.

ती हसायला लागली. पाच महिन्यांत ती पहिल्यांदाच हसली आणि तो आवाज तिलाच परका वाटला.

"फसवलंत की हो मला."

तो एकटक बघत होता.

"बरं झालं फसवलंत. जन्मात पहिल्यांदा कामाचं खोटं वागलात." तिने बोटातलं लोखंडी अंगुस्तान न काढताच डोळे पुसले. सुई बोचू नये म्हणून ती ते सकाळी घालायची आणि रात्रीपर्यंत विसरून जायची. "कुणाला जेवायला घातलंत? घातलं तर घातलं. मी काही म्हणणार नाही."

अंगठा पडला. मग पुन्हा पडला. मग पुन्हा दोनदा.

"लाजू नका आता," ती म्हणाली आणि त्याच्या हातावर हात ठेवून तिने तो थांबवला.

लेक धापा टाकत आत आली. लिफाफा आधीच फोडलेला होता.

"आई, वापरलंय. मी जिन्यातच तारखा बघितल्या. नव्वद दिवसांत चार वेळा." ती खाटेच्या कडेवर टेकली आणि वडिलांच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. "बाबा, जमलं. कळतंय का? मी केंद्राला उद्या फोन करते."

"दाखव," आई म्हणाली.

तीन महिन्यांची तीन पानं होती. आईने चष्मा लावला. पहिल्या पानावर एकच ओळ होती, बुटांच्या दुकानाची. ते बूट तिला आठवले. जाड रबरी तळव्याचे. रंगाच्या व्यापाऱ्याने भेट दिले म्हणून त्याने सांगितलं होतं आणि फळीवर पाय धरत नाही अलीकडे, असंही काहीतरी म्हणाला होता. दुसऱ्या पानावर दोन ओळी होत्या. एक मेंदूविकाराचा दवाखाना, एक डोक्याचं स्कॅन काढणारं केंद्र. तिसऱ्या पानावर पुन्हा तोच दवाखाना. तारीख, तो पडला त्याच्या अकरा दिवस आधीची.

तिने पानं गुडघ्यावर ठेवली आणि खाटेकडे वळली.

"चक्कर येत होती?"

अंगठा पडला. तिने पाचपर्यंत मोजलं. दुसरा ठोका आला नाही.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं? वर चढू नका म्हणून?"

एक ठोका.

"आणि तरी चढत होतात."

हा प्रश्न नव्हता, पण त्याने त्यालाही उत्तर दिलं.

तिला त्याचा संताप आला. अकरा मजल्यांचं काम मिळालं होतं त्याला, आयुष्यातलं सगळ्यात मोठं. मुकादमच खाली बसला तर बारा माणसं दुसरीकडे गेली असती, हे तिला कळत होतं. तरीही या घरातला प्रत्येक पैसा तिच्या हातातून जायचा. दवाखान्यासाठी तिच्यापुढे हात पसरला असता तर तिने आधी विचारलं असतं, काय होतंय तुम्हाला. आणि दुसऱ्या दिवशी दारात आडवी पडली असती, पण त्याला शिडीला हात लावू दिला नसता. कार्डाने काहीच विचारलं नव्हतं.

लेकीचा चेहरा उतरला होता. पुस्तकातला पुढचा नियम तिनेच वाचला होता. आजारामुळे तोल जाऊन पडला तर तो अपघात धरत नाहीत.

"तपासनिसाने मला फोनवर दोनदा विचारलं," ती हळू आवाजात म्हणाली. "काही आजार होता का, चक्कर वगैरे. मी म्हटलं, ठणठणीत होते."

"तुला काय माहीत होतं."

"आता माहीत आहे ना."

घड्याळात चारला दहा मिनिटं होती. लेकीने आईच्या गुडघ्यावरची पानं उचलली, ती सारखी केली आणि मग उगाच पुन्हा वेगवेगळी केली.

"तपासनीस म्हणाला होता, एक व्यवहार दाखवणारं पान पुरे."

आईने तिच्याकडे बघितलं नाही. ती उरलेले टाके कापायला लागली. रंग लागलेले दोरे ताठ होते. ते खाली पडले तरी वाकले नाहीत. पिशवीतून कार्ड निघालं तेव्हा त्याच्या कडा घासलेल्या होत्या आणि एका कोपऱ्याला पोचा आला होता. तो पडला तेव्हाचा असावा. दुसरं आणि तिसरं पान लेकीने घडी घालून कापडांच्या चिंध्यांखाली ठेवलं. खाटेवर अंगठा पडला की नाही, ते दोघींनी बघितलं नाही.

तपासनीस बारीक अंगाचा, थकलेला माणूस होता. दोन जिने चढून आला म्हणून त्याने आधी पाणी मागितलं आणि पेला रिकामा करून लेकीच्या हातात परत दिला. त्याने बुटांच्या दुकानाचं पान बघितलं, तारखा बोटावर मोजल्या आणि मान हलवली.

"बसतंय नव्वद दिवसांत." मग त्याने कार्ड हातात घेऊन त्याचं वजन बघितलं. "हे मला घेऊन जावं लागेल, काकू. दाव्याबरोबर कार्ड बंद होतं. साधं असतं तर इथेच कापलं असतं. याला कात्री लागत नाही."

"न्या."

"पुष्कळ लोक मला विचारतात, घ्यावं का असलं कार्ड, परवडतं का. मी बघतो ती बहुतेक कोरी करकरीत असतात. लोक जपून ठेवतात आणि मग त्या नव्वद दिवसांत अडकतात." तो कागद काढत होता. "तुमच्या साहेबांनी वापरलं, ते बरं केलं."

साहेब हा शब्द ऐकून तिने खाटेकडे बघितलं. तो तिच्याचकडे बघत होता.

"दोन प्रश्न त्यांनाच विचारावे लागतात. शुद्धीत आहेत ना?"

लेकीने त्याला ठोक्यांचं सांगितलं. तपासनिसाने खुर्ची ओढली, मांडीवर कागद घेतला आणि जरा विचार केला.

"चादरीवर ऐकू येणार नाही, आणि मला तर लिहायचं असतं." त्याने कार्ड रंगाऱ्याच्या अंगठ्याखाली सरकवलं. "यावर वाजवू दे त्यांना. साहेब, हे कार्ड तुमचंच का?"

नख धातूवर पडलं. तपासनिसाने दचकून मान वर केली.

"हो," पाच मोजून आई म्हणाली.

"ठीक." मान पुन्हा कागदावर गेली. "पडण्याच्या आधी तुम्हाला काही आजार होता का? चक्कर, फिट, असं काही?"

ती खाटेच्या कडेवर बसली आणि आपला हात त्याच्या हाताशेजारी ठेवला. कार्ड वाजलं, एकदा. तिने मोजायला सुरुवात केली. लेक रिकामा पेला धरून दारात उभी होती. एक, दोन, तीन. तपासनिसाचं पेन कागदावर टेकलं.

"थांबा," ती म्हणाली. "दुपारनंतर त्यांना वेळ लागतो."

"सावकाश होऊ दे."

चार. पाच. अंगठा उचलला गेला नाही. तो दमलेला दिसत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, विमानतळावरून आल्यावर बघितलं होतं तसा, आणि तिला त्यातलं काय ते सगळं कळत होतं. सहा. सात. केंद्रातली ती खाट खिडकीजवळ होती. लेकीने तिचा फोटो काढून आणला होता.

तिने अंगुस्तान घातलेलं बोट उचललं आणि कार्डावर ठोकलं.

"नाही," तपासनीस स्वतःशी म्हणाला आणि लिहिलं.

दारात लेकीने रिकामा पेला दोन्ही हातांनी धरला आणि ती जमिनीकडे बघत राहिली. तपासनिसाने सगळीकडे सह्या घेतल्या, रंगाऱ्याच्या अंगठ्याला शाई लावून ठसा घेतला, कार्ड जाड लिफाफ्यात घालून त्याचं तोंड चिकटवलं आणि लवकर बरे व्हा, असं खाटेकडे बघून म्हणाला. लेक त्याला पोचवायला खाली गेली.

ती एकटी उरली. तिने ओल्या फडक्याने नवऱ्याच्या अंगठ्याची शाई पुसली. नखाच्या कडेत राहिलेली शाई निघत नव्हती. तेवढी तिने राहू दिली. मग उठून जमिनीवर पडलेले रंगीत टाके गोळा केले, आणि पाठमोरी उभी राहून म्हणाली,

"बरोबर केलं ना मी?"

कार्ड आता तिथे नव्हतं. चादरीवर अंगठ्याचा आवाज होत नाही. एकदा पडला की दोनदा, हे वळून बघितल्याशिवाय कळलं नसतं. ती खिडकीकडे तोंड करून, मुठीत ते ताठ दोरे धरून, लेक जिना चढून वर येईपर्यंत तशीच उभी राहिली.